आधी ‘नको’ म्हणा

त्याला घरात, ऑफिसात आणि सासुरवाडीला सगळे ‘साडेतीन’ म्हणायचे, आणि हे नाव त्यानं स्वतःच्या कर्तृत्वावर कमावलं होतं. दिवसभर तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायचा. कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेलं असायचं आणि हा त्याला गोड आवाजात म्हणायचा, “घाबरू नका, माणूस निघालाय.” पण ते झालं पोटापाण्याचं. त्याचा खरा धंदा म्हणजे मतं. इंटरनेटवर त्याचं एक पान होतं आणि त्यावर तो रोज कशावर तरी मत ठोकून द्यायचा. नवा फोन, जुना माउस, काल रात्री संपवलेला गेम, परवा खाल्लेलं हॉटेल, त्याच्या तावडीतून कशाची सुटका नव्हती. प्रत्येकाला पाचपैकी तारे. नियम एकच, साडेतीनच्या वर जायचं नाही.

“चार दिले की माणूस शेफारतो,” तो म्हणायचा, “आणि पाच दिले की सुधारायचंच सोडून देतो.”

बायकोनं एकदा सहज विचारलं होतं, “आणि मला किती?” तेव्हा हा पठ्ठ्या ‘इथे रेंज नाही’ म्हणत फोन घेऊन गच्चीवर पळाला, तो जेवायलाच खाली आला.

सासऱ्यांचं हॉटेल होतं, चौकाच्या कोपऱ्यावर. मोजकी टेबलं, गल्ल्यावर सासूबाई, वाढायला एकच वेटर, आणि आत चुलीपुढे खुद्द सासरे. वेटर इतका घाईत बोलायचा आणि इतका घाईत चालायचा, की त्याला सगळे ‘तुफान’ म्हणत. लग्न ठरल्यावर साडेतीनला तिथे पहिल्यांदा जेवायला बोलावलं होतं. सासऱ्यांनी जीव ओतून स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशी भावी जावयाच्या पानावर काय? ‘चव उत्तम. खुर्च्या डुगडुगतात. हात धुवायच्या नळाला पाणी बारीक. साडेतीन तारे.’

सासऱ्यांनी खुर्च्या ठोकून घेतल्या, नळ बदलला आणि जावयाशी बोलणं टाकलं ते पार लग्नाच्या दिवसापर्यंत. पुढे बोलायला लागले, पण टोमणा कायम होता. “लोकांचा जावई दहावा ग्रह असतो,” ते गिऱ्हाइकांना सांगायचे. “आमचा ग्रह तारे वाटत फिरतो!”

असं सगळं हसतखेळत चाललं होतं, पण गेल्या काही महिन्यांत हॉटेलला कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. ताटल्या परत यायला लागल्या. कुणी कांदा नको म्हणावं तर त्याच्या ऑम्लेटात कांदाच कांदा. कुणी साखर नको म्हणावं तर सरबत नुसता पाक. सासऱ्यांना विचारलं की ते चिडायचे. “त्यानं कांदा सांगितलं, मी कांदा घातला!” तुफान शपथ घेऊन सांगायचा की मी नको म्हणालो होतो. दोघंही खोटं बोलणारे नव्हते, हीच तर पंचाईत होती.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हॉटेलचा हिशेब आणि खरेदी बघायचा. तो वाईट मुळीच नव्हता, फक्त घाबरट होता, आणि घाबरट माणूस निर्णय फार पटकन घेतो. “साठी बुद्धी नाठी,” तो बहिणीला म्हणाला. “बाबा विसरायला लागलेत, ताई. आपण डोळे मिटून किती दिवस बसणार?”

मग शाळेतल्या बाईंचा प्रकार झाला. या बाई नेहमीच्या गिऱ्हाईक, शाळा सुटली की तिथेच जेवायच्या. त्यांना शेंगदाणे चालत नसत. नुसता एक दाणा पोटात गेला तरी ओठ सुजायचे आणि श्वास अडकायचा. त्यांनी तुफानला दोनदा बजावून सांगितलं, तुफाननं स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत ओरडून सांगितलं, आणि भाजी आली ती वरून खमंग दाण्याचं कूट पेरून. दैव बलवत्तर म्हणून घास उचलायच्या आधी बाईंचं लक्ष गेलं. त्या काही ओरडल्या नाहीत. ताटली हळूच बाजूला सारून, पर्स उचलून निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी मेहुण्यानं जाहीर केलं. सोमवारपासून नवा आचारी येईल. रविवारी तो हॉटेल बघायला येणार. बाबांनी आता घरी आराम करायचा.

आणि सासरे, जे मिठाच्या चिमटीवरून अर्धा दिवस भांडायचे, त्यांनी नुसता ॲप्रन काढला, घडी घातली आणि खुंटीवर न टांगता स्टुलावर ठेवला. हे बायकोनं घरी येऊन सांगितलं आणि ती रडायलाच लागली. “चूल सुटली तर बाबा हाती लागायचे नाहीत रे,” ती म्हणाली. “त्यांना दुसरं काही येतच नाही. आरामसुद्धा येत नाही.”

साडेतीननं तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. पण करणार काय? त्याच्याकडे मतं भरपूर होती, उपाय एकही नव्हता.

आता त्याच सुमाराला त्याच्याकडे परीक्षणासाठी एक हेडफोन आला होता. बाहेरचा गोंगाट गिळून टाकणारा, असं खोक्यावर लिहिलेलं. खोक्यावर काय, काहीही लिहितात! खरी परीक्षा घ्यायची तर जबरदस्त गोंगाट हवा, आणि साडेतीनच्या माहितीत सगळ्यात मोठा गोंगाट सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात होता. धूर ओढणारा पंखा घरघरायचा, मिक्सर किंचाळायचा, भांडी घासणाऱ्या मावशी पातेल्यांवर राग काढायच्या. शुक्रवारी ऑफिसातून सुटल्यावर तो तिथे गेला, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि हेडफोन कानावर चढवला.

“आली स्वारी,” सासरे म्हणाले. “आम्ही इथे मरतोय आणि ह्यांना गाणी सुचतायत.”

पंख्याची घरघर खाली बसली. झकास, साडेतीननं मनात नोंदवलं, साडेतीन तारे नक्की. तेवढ्यात खिडकीत तुफानचं डोकं आलं. “एक सूप, मिरी...” एवढं ऐकू आलं, पुढे नुसते ओठ हलले आणि डोकं गायब. सासऱ्यांनी सूप ओतलं, वर सढळ हातानं मिरी भुरभुरली. थोड्या वेळात वाटी परत. तुफाननं कपाळावर हात मारून घेतला. “मिरी नको म्हणालो होतो, मालक!”

सासऱ्यांचा चेहरा पडला. ते मिरीच्या डबीकडे बघत राहिले.

साडेतीन मात्र स्टुलावरून उठून उभा राहिला. अरे, त्यानंही ‘मिरी’ एवढंच ऐकलं होतं की! त्यानं हेडफोन काढला आणि पुढची प्रत्येक ऑर्डर कान टवकारून ऐकली. तुफानची पद्धतच अशी होती, की वाक्य अर्ध्यावर आलं की पाय बाहेरच्या दिशेनं निघालेले. सुरुवात खणखणीत, शेवट पाठ फिरवून पुटपुटलेला. आणि आपली भाषा तरी कशी बघा! कांदा नको, तिखट नको, दाणे नको. सगळं आधी सांगून टाकायचं आणि ‘नको’ तेवढा शेपटीला बांधायचा. तरण्या कानाला ती शेपटी ऐकू येत होती. सासऱ्यांच्या वाट्याची शेपटी पंखा रोज खात होता.

खात्री करायला तो सासऱ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि तुफानच्या चालीत म्हणाला, “बाबा, मला चहा नको.”

“चहा? आत्ता, ऐन गर्दीत?” सासरे वैतागून म्हणाले आणि त्यांनी आधण ठेवलं.

तो चहा साडेतीननं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. इतका आनंद त्याला कुठल्याही गेमची शेवटची पातळी पार करून झाला नव्हता.

घरी गेल्यावर त्यानं कपाट उघडलं आणि आपला लाडका कंट्रोलर बाहेर काढला. गेम खेळायचं ते हातातलं यंत्र, पण साधंसुधं नव्हे. मोजकेच निघालेले, निळ्या रंगाचे. दुकान उघडायच्या आधीपासून रांगेत उभं राहून त्यानं तो मिळवला होता आणि बायकोला त्याच्यावरची धूळ झटकायचीही परवानगी नव्हती. गेममध्ये पाठीमागून वार झाला की तो हातात असा थरथरायचा, की माणूस दचकून वळलाच पाहिजे. साडेतीननं त्याच्यावरून एकदा बाही फिरवली, मग स्क्रू ड्रायव्हर घेतला.

बायको आत आली तेव्हा टेबलावर निळे तुकडे पडले होते. शेजारी दाराची एक बिनतारी घंटा होती, तीही उघडलेली. “हे कुणाचं पोट फाडलंस?” तिनं विचारलं आणि मग तुकड्यांचा रंग बघून ती खुर्चीवर टेकलीच.

“बाबांचा ॲप्रन आणलाय, त्याला आतून खिसा शिवून देशील?” तो मान वर न करता म्हणाला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं खिसा शिवला आणि त्याच्यासमोर चहा ठेवला तो कपबशीत. ती कपबशी एरवी फक्त पाहुण्यांसाठी निघायची.

शनिवारी सकाळी हॉटेल उघडायच्या आधी तो स्वयंपाकघरात हजर झाला. सासरे एकटेच भाजी निवडत होते, शेवटच्या शनिवारी माणूस जशी निवडेल तशी, एकेक पान उलटून.

“बाबा, एक नवं यंत्र आहे. मला तुमचं मत हवंय.”

“माझं? मत?” सासऱ्यांची मान वर झाली.

“तारेसुद्धा द्यायचे. पाचपैकी.”

इतक्या वर्षांनी हाती आलेली ही संधी सासरे सोडतात थोडेच! त्यांनी जावयानं पुढे केलेला ॲप्रन बांधला. साडेतीननं खिडकीपाशी चिकटवलेलं घंटेचं लाल बटण दाबलं आणि सासरे जागच्या जागी उडाले. “अरे बापरे! खिशात उंदीर शिरला की काय!”

“हे थरथरलं की समजायचं, ‘नको’ येतोय. लगेच खिडकीकडे बघायचं.”

सासरे थांबले. हातातली भाजी त्यांनी खाली ठेवली. “म्हणजे मला ऐकू येत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?”

इथे खोटं बोलून भागलं असतं, पण साडेतीनला गोड बोलायची सवय फक्त लिफ्टमध्ये अडकलेल्यांशी होती. “वाक्याचा शेवट येत नाही, बाबा. काल मी तुम्हाला चहा नको म्हणालो. तुम्ही आधण ठेवलंत.”

सासरे स्टुलावर बसले. त्यांनी पंख्याकडे बघितलं. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, “फक्त कान?”

“फक्त कान.”

“आणि डोकं?”

“डोकं ठणठणीत! बाबा, परत आलेली प्रत्येक ताटली ‘नको’ची आहे. ज्या ऑर्डरीत नको नाही, त्यातली एक तरी परत आली का? आठवून बघा.”

सासऱ्यांनी आठवून बघितलं. आणि मग त्या माणसाचा चेहरा असा काही उजळला, की साडेतीनलाच भरून आलं. “मला वाटलं मी चाललो,” ते म्हणाले. “पोरगा म्हणतो ते खरंच असेल. रोज झोपताना मसाल्यांची नावं क्रमानं म्हणून बघायचो, एखादं विसरतोय का म्हणून. कुणाला सांगू? कान गेला तर काय, एक कान गेला. डोकं गेलं तर मी उरतो कुठे, सांगा!” ते हसत होते आणि ॲप्रनच्या टोकानं डोळे पुसत होते. “फक्त कान! अरे वा! फक्त कान!”

“सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि तारे किती?”

“दीड,” सासरे नाक ओढत म्हणाले. “गुदगुल्या होतात.”

दिवसभर तुफानची शिकवणी चालली. आधी बटण, मग ‘नको’, मग बाकीचं. तुफानला ते काही केल्या जमेना. जन्मभर शेवटी म्हटलेला शब्द एकदम आधी कसा येणार? “एक ऑम्लेट, कांदा... नाही नाही! नको! कांदा! ऑम्लेट!” सासूबाई गल्ल्यावर बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या. बऱ्याच दिवसांनी हसत होत्या.

रविवारी दुपारी हॉटेल खच्चून भरलं. मेहुणा गल्ल्याशेजारी हाताची घडी घालून उभा होता. नवा आचारीही आला होता, शांत, जाडजूड माणूस, आपल्या सुऱ्या कापडात गुंडाळून घेऊन. त्याला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं होतं. साडेतीन खिडकीजवळ, बटणाशेजारी उभा.

एकामागून एक ऑर्डरी जात होत्या. “नको साखर, दोन सरबत!” “नको तिखट, एक भाजी!” गिऱ्हाइकांना गंमत वाटायला लागली, तेही ‘नको’ आधी म्हणायला लागले. आतून प्रत्येक वेळी सासऱ्यांची हाक परत यायची, “नको साखर! कळलं!” एकही ताटली माघारी आली नव्हती.

आणि दारात शाळेतल्या बाई उभ्या राहिल्या.

बायको त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आली होती आणि खरं कारणही सांगून आली होती. मेहुण्याला हे ठाऊक नव्हतं. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. “भावजी,” तो साडेतीनच्या कानाशी लागला, “यांना काही झालं ना, तर कुलूप लागेल इथे!”

बाई बसल्या आणि तीच भाजी मागवली. “दाणे नको,” त्या तुफानला म्हणाल्या. “यावेळी मी एकदाच सांगतेय.”

तुफान वळला. दोन्ही हातांवर ताटल्यांची चळत, मागून दुसऱ्या टेबलाची हाकाटी. तो सवयीनं खिडकीशी आला, सवयीनं तोंड उघडलं, “एक भाजी, दा...” आणि त्याची जीभ अडखळली. हात रिकामा नव्हता. साडेतीननं बटणाकडे हात नेला, पण तुफान त्याच्याही पुढे. पठ्ठ्यानं खाली वाकून कपाळानं बटण दाबलं, चांगलं टाळकं आपटेपर्यंत दाबलं, आणि ओरडला, “नको दाणे! नको! नको दाणे! एक भाजी!”

आत सासरे दचकून वळले. त्यांनी तुफानच्या डोळ्यांत बघितलं. “नको दाणे!” ते गरजले, इतक्या जोरात की मावशींच्या हातून पातेलं निसटलं. त्यांनी हात धुतले, कोरी कढई काढली, नवा चमचा घेतला, कुटाचा डबा उचलून पार बाहेरच्या ओट्यावर नेऊन ठेवला. आणि भाजी झाली तेव्हा ती स्वतः घेऊन बाहेर आले.

बाईंनी चमच्यानं भाजी उलटीपालटी करून बघितली. अख्खं हॉटेल बघत होतं. त्यांनी पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि मग वर न बघता सावकाश ताटली चाटून पुसून रिकामी केली.

“अजून थोडी मिळेल?” त्या म्हणाल्या.

साडेतीननं हवेत मूठ मारली, थेट स्टेडियममध्ये बसल्यासारखी. बायकोनं त्याचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मेहुण्यानं मोठा श्वास सोडला, पण तो तरीही मेहुणाच. नवा आचारी उठून सुऱ्या काखोटीला मारून समोर उभा होता, आणि मेहुणा चुळबुळत म्हणाला, “आज झालं. उद्याचं काय? एका खेळण्याच्या भरवशावर हॉटेल चालवायचं का? यांना मी काय सांगू आता?”

तेव्हा सासूबाई गल्ल्यावरून उठल्या. ऐन गर्दीत त्या गल्ला सोडून उठल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्या सरळ खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी लाल बटणावर अंगठा रोवला. उचलेचनात.

सासरे पळी घेऊन खिडकीत आले. “अगं हो हो हो! काय नको? काय नको?”

“नको नवा आचारी!” सासूबाई म्हणाल्या. “कळलं?”

“नको नवा आचारी!” सासरे गरजले. “कळलं!”

हॉटेलात एकच हशा उसळला, टाळ्या वाजल्या. नवा आचारीही पोट धरून हसत होता. “या चुलीला आचारी आहे की,” तो मेहुण्याला म्हणाला. “मला नुसतं जेवायला वाढा.” मेहुण्याचे कान लालबुंद झाले होते. तो आत गेला आणि बाबांच्या ॲप्रनचा सुटलेला बंद त्यानं नीट गाठ मारून बांधला. सासऱ्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तो विषय तिथे संपला.

गर्दी ओसरल्यावर सासऱ्यांनी एक ताट वाढलं आणि जावयापुढे आणून ठेवलं. स्वतः समोर बसले. सासूबाई, बायको, मेहुणा, तुफान, सगळे भोवती गोळा झाले.

साडेतीन जेवला. मन लावून, सगळं. खुर्ची हलवून बघितली, डुगडुगली नाही. जाऊन हात धुतले, नळाला पाणी भरपूर. तो परत येऊन बसला आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं बघायला लागला.

“बोला, जावईबापू,” सासरे म्हणाले. “किती?”

“पाच,” तो पुटपुटला.

बायकोनं तोंडावर हात ठेवला. सासरे मात्र पुढे वाकले, कानामागे पंजा धरला, आणि त्यांच्या डोळ्यांत असला मिस्कील भाव होता की काय सांगावं. “काय म्हणालात? ऐकू नाही आलं. बहिरा माणूस आहे मी.”

“पाच, बाबा!”

“शेवट नीट येत नाही हो मला. जरा मोठ्यानं!”

मग साडेतीन खुर्चीवरून उठला, त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि चौकात ऐकू जाईल असा ओरडला.